हरीभाऊंचं लाल कुलूप

हरीभाऊ भोईर पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर उभे राहिले तेव्हा त्यांचा डावा हात पॅन्टच्या खिशात होता आणि मला त्यांचा राग आला होता. नोकरीचा पहिला दिवस, पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि उभा असा की जणू वर्कशॉप बघायला पाहुणा आलाय. मी साताऱ्याकडच्या घरातली. मोठ्यांसमोर खिशात हात घालून उभं राहिलं तर आमच्याकडे त्या हातावर फटका बसतो. मी मनात म्हटलं, या गृहस्थांचा थाट चार दिवसांत उतरेल.

तो सात वर्षांत उतरला नाही.

आमचं वर्कशॉप तळोज्याच्या एमआयडीसीत आहे. एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, आणि मधे पांढऱ्या टाइल्सचं, ए.सी. लावलेलं आमचं शेड. सिग्नलला थांबल्या की शेजारचे रिक्षावाले मोबाइल काढतात, अशा गाड्या आमच्याकडे येतात. मी जॉब कार्ड लिहिते. गाडी कधी आली, तिला काय होतंय, कोणी हात लावला, कधी गेली. खरं सांगायचं तर मला त्या गाड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. खड्ड्यात पोट घासेल आणि माणसं दोनच बसतील, अशा वस्तूसाठी लोक इतके वेडे का होतात ते मला कळत नसे. कौतुक कसं करायचं असतं हे मी हरीभाऊंकडे बघून शिकले, आणि तेही उशिराच.

पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या यायला लागल्या म्हणून हरीभाऊंना घेतलं होतं. त्या गाड्यांच्या पोटात जाड नारिंगी वायरी असतात. घरातल्या बटणाच्या दुप्पट-तिप्पट ताकदीची वीज त्यांतून खेळते, चुकून हात लागला तर संपलंच. हरीभाऊ आधी तिथल्याच एका केमिकल कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. त्यामुळे नियम असा होता की मेकॅनिक कितीही हुशार असो, हरीभाऊंनी गाडी 'मेली' म्हटल्याशिवाय नारिंगी वायरीच्या वाटेला कोणी जायचं नाही.

खिशाचं कोडं तिसऱ्या दिवशी सुटलं. मीच चिडून विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की विजेच्या कामात दोन हात लावले तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून जाऊन दुसऱ्यातून निघतो. एकच हात लावला तर निदान काळीज वाटेत येत नाही. हातमोजे असले तरी सवय मोडायची नाही. मग म्हणाले, "एक हात कामाला, बाय. दुसरा घरी परत न्यायला."

ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जेवताना, बसची वाट बघताना, कुठेही डावा हात खिशातच. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची, लिफ्टची, गाड्यांची पूजा करायचो. हरीभाऊ आरतीला टाळीसुद्धा मांडीवर एकाच हाताने वाजवत. आमचे मॅनेजर सावंत साहेब एकदा म्हणाले, अहो निदान देवापुढे तरी दोन हात जोडा. हरीभाऊ म्हणाले, देवीला माहीत आहे, मागे गाडी चार्जिंगला लावलेली आहे.

दुसरी त्यांची वस्तू म्हणजे कुलूप. लाल रंगाचं, तळहाताएवढं. गाडी हातात घेतली की आधी तिचा मोठा प्लग ओढून काढायचा, त्या जागी हे कुलूप अडकवायचं म्हणजे प्लग परत बसवता येत नाही, आणि चावी काळ्या दोऱ्यात गळ्यात. तिथे एकवीरा आईचं पदक होतं, त्याच्या शेजारी ही चावी. मग दहा मिनिटं काहीच करायचं नाही, कारण प्लग काढला तरी आत वीज थोडा वेळ दबा धरून असते. दहा मिनिटांनी मीटर लावायचा आणि मग म्हणायचं, "मेली. करा काय करायचं ते." ज्या ज्या मेकॅनिकला हात घालायचाय त्याने आपापलं कुलूपही तिथे लावायचं आणि काम झालं की आपापलं काढायचं. हरीभाऊंचं पहिलं लागे आणि शेवटी निघे. चावी दुसऱ्याच्या हातात देणं नाही, अगदी सावंत साहेबांच्याही नाही. माझ्याकडून ते प्रत्येक जॉब कार्डाच्या तळाशी एक ओळ लिहून घ्यायचे: कुलूप ज्याचं त्यानेच काढायचं, तो जागेवर नसेल तर त्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुलूप कापायचं नाही. अर्जाखाली 'आपला विश्वासू' लिहावं तितक्याच मनापासून मी ती ओळ लिहीत असे.

आणि असा हा नियमाचा माणूस रोज दहा मिनिटं उशिरा यायचा. नऊ म्हणजे नऊ दहा. मी कधी टोमणा मारला की हसायचे आणि रजिस्टरवर नऊ दहा अशीच खरी वेळ लिहायचे.

मग ती गाडी आली.

जगात मोजक्याच बनवलेल्या गाड्यांपैकी एक. बंदिस्त ट्रकमधून उतरवली तेव्हा पुठ्ठ्याच्या कारखान्यातले लोकही भिंतीवरून डोकावत होते. तक्रार एकच, बॅटरी तापते. रंग करडा, उंची माझ्या कमरेएवढी. दोन सीट, त्यांच्या पाठीशी काचेखाली इंजिन, पुढच्या दोन्ही चाकांना एकेक मोटर आणि तिसरी मोटर इंजिनाच्या मागे. आमची पोरं तिचा टॉप स्पीड घोकत होती. हरीभाऊंनी स्पीडचं नावही काढलं नाही. ते खाली बसले, एक हात खिशात, आणि अर्धा तास नुसते बघत राहिले. मागच्या चाकावरचं अख्खं झाकण दोन माणसांनी सुपासारखं उचललं, तेव्हा त्यांनी ते एका बोटाने वाजवून पाहिलं. नारिंगी वायर कुठून कुठे जाते ते बोटाने हवेत काढलं. जिथे वळण हवं तिथेच वळण, जिथे चिमटा हवा तिथेच चिमटा, एक इंचही वायर फुकट नाही, असं त्यांनी मला दोनदा दाखवलं. "ज्यानं ही ओढली ना, त्याचे हात बगायला पायजे," ते म्हणाले.

त्या दिवशीच्या दहा मिनिटांत त्यांनी मला ती गाडी समजावली. त्यांच्या गप्पा व्हायच्या त्या या दहा मिनिटांतच, एरवी माणूस अबोल. त्यांचं गाव तळवली, घणसोलीजवळचं. वडलांची खाडीत लहानशी होडी होती. शिडाची होडी चालते वाऱ्यावर, पण वारा येईपर्यंत आणि वारा पडल्यावर वल्हं मारावं लागतं. वडील काय करत, तर होडीचा वेग मरायच्या आधीच वल्हं पाण्यात घालत, आणि वारा भरला की उचलत. होडीत बसलेल्याला कळायचंच नाही की कधी वाऱ्याने नेलं आणि कधी हाताने. ही गाडी तेच करते, हरीभाऊ म्हणाले. पेट्रोलचं इंजिन जोरदार खरं, पण पूर्ण दम भरायला त्याला क्षणभर लागतो. तेवढा क्षण मोटर ओढून नेते. इंजिनाने दम धरला की मोटर मागे सरते. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी चालून थांबण्यातली ताकद बॅटरीत भरून घेते, आणि मागचा पंख उभा राहून वाऱ्याला अडवतो. "धावताना कोनीपन हुशार असतं," ते म्हणाले. "ही थांबतानापन हुशार हाय."

तेव्हा मला पहिल्यांदा ती गाडी सुंदर दिसली. हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांची धांदल उडवून दिली. सकाळी देवीच्या फोटोला लावलेली उदबत्ती त्यांनी उचलली आणि गाडीचा आतला पंखा चालू करून तिच्या बाजूच्या फटीसमोर धरली. धूर आत ओढला जायचा आणि भलत्याच ठिकाणाहून, मागच्या जाळीतून, बारीक रेघेसारखा निघायचा. हरीभाऊ एका फटीवरून दुसऱ्या फटीवर जात होते आणि हवा कुठून कुठे जाते ते वाचत होते. सावंत साहेबांनी केबिनमधून पाहिलं ते एवढंच, की जगातल्या मोजक्या गाड्यांपैकी एकीच्या ढुंगणातून धूर निघतोय. ते आग विझवायचं नळकांडं घेऊन धावले. पिन काढली होती, नशीब दाबलं नाही. पण त्या धुरानेच कळलं की बॅटरी थंड ठेवणाऱ्या भागाकडे हवा नीट जाते आहे, म्हणजे गाडी तापते ती हवेमुळे नाही, आतल्या पाण्याच्या पंपामुळे. पंप परदेशातून मागवावा लागला. तो घेऊन गाडीच्या कंपनीचा माणूसच येणार होता. काम झाल्यावर तो गाडी बाहेर काढून एक फेरी मारणार, तेव्हा शेजारच्या सीटवर हरीभाऊंनी बसायचं, असं गाडीच्या मालकांनी सावंत साहेबांकडून कळवलं. हरीभाऊ नुसते "बरं" म्हणाले. पण त्या आठवड्यात ते रोज तिची काच पुसत होते, जे त्यांचं काम नव्हतं.

पंपाची वाट बघण्याच्या दिवसांत, अशाच एका दहा मिनिटांत, मी सहज विचारलं की ती जॉब कार्डाची ओळ कुठून आणली. त्यांनी मीटर बाजूला ठेवला. मग त्यांनी सांगितलं.

जुन्या कारखान्यात एक मोठं मिक्सरचं भांडं होतं, आत माणूस उतरून साफ करायचा. गावातलाच, लहानपणापासूनचा मित्र हसुराम त्यात उतरला होता. त्याने स्विचला कुलूप लावलं होतं आणि चावी त्याच्या खिशात होती. पाळी बदलली. हसूची सायकल फाटकात नव्हती, म्हणून सगळ्यांना वाटलं तो चावी घेऊन घरी गेला. सायकल त्याचा भाऊ घेऊन गेला होता. काम खोळंबलं होतं, वरून घाई चालली होती, आणि इलेक्ट्रिशियन म्हणून कुलूप कापलं हरीभाऊंनी. त्यांनीच बटण दाबलं.

हसू जगला. उजवा हात कोपरापासून गेला.

"भांडं दहा पावलांवर व्हतं," हरीभाऊ म्हणाले. "दहा पावलं चाललो असतो आन् आत डोकावलो असतो, तर झालं असतं. मी म्हटलं, गेला असंल घरी."

हसुरामने पुढे गावात वह्या-पेनांचं छोटं दुकान टाकलं. दुकानाचं शटर जुनं, जड. एका हाताने वर जात नाही. ते रोज सकाळी हरीभाऊ उघडतात आणि संध्याकाळी पाडतात, गेली पंधरा वर्षं. हसूने कधी दोष दिला नाही, कधी तो विषयही काढला नाही, आणि तेच हरीभाऊंना सोसत नव्हतं. रोजचं नऊ दहा मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी ती तळाची ओळ सावकाश, नीट अक्षरात लिहू लागले.

कंपनीचा माणूस आला त्याच दिवशी हरीभाऊंच्या मुलीची हळद होती. मातेओ त्याचं नाव, तिशीतला, पंप मांडीवर घेऊन बसलेला, आणि त्याच रात्री त्याचं परतीचं विमान. हरीभाऊ सकाळी आले, मी म्हटलं अहो, पोरीची हळद आणि तुम्ही इथे? ते म्हणाले, गाडीला मारतो आणि जातो, बारापर्यंत परत येऊन जिवंत करतो. त्यांनी प्लग काढला, कुलूप लावलं, दहा मिनिटं थांबले. तेवढ्यात घरून चार फोन आले. मीटर लावला, "मेली" म्हणाले, आणि गेले. मातेओने आणि आमच्या मेकॅनिकांनी दीड वाजेपर्यंत पंप बसवला, आपापली कुलपं काढली. राहिलं एक लाल. चावी तळवलीत.

फोन लागत होता, उचलत कोणी नव्हतं. अडीच झाले, तीन झाले. सावंत साहेबांनी कुलूप कापायला ग्राइंडर मागवला. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. हे काही कारखान्यातलं मशीन नाही, गाडी आहे. खाली वाकलं, आत बघितलं की कळतं कोणी नाही. माणूस घरी गेलाय हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मी तरीही जॉब कार्ड छातीशी धरून उभी राहिले. मी फार धीट वगैरे नाही. एवढंच म्हणाले की खाली माझ्या अक्षरात लिहिलंय, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही. ग्राइंडर लावायचा तर आधी या कार्डावर तुमची सही लागेल.

मातेओने काय चाललंय ते विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत ओळ वाचून दाखवली. त्याने ग्राइंडरची वायर स्वतः काढून ठेवली आणि विचारलं, त्यांचं घर किती लांब आहे?

वर्कशॉपच्या व्हॅनने आम्ही दोघं तासाभरात तळवलीत पोचलो. रस्त्यापासून मांडव लागला होता. घरची हळद नुकतीच लागून झाली होती, मोठा कार्यक्रम रात्री. एका बाजूला धवलारीण म्हातारी लग्नाची गाणी म्हणत होती आणि दुसऱ्या बाजूला डीजेवाले तिच्यावर मात करायला स्पीकर तपासत होते, त्यात फोन कुठला ऐकू येणार. हरीभाऊ पाटावर बसलेले, कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत पिवळे. आम्हाला पाहिलं आणि त्यांचा उजवा हात आपोआप गळ्याकडे गेला. चावी हाताला लागली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला नको तिथे आलो असं झालं.

"कापलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. तुम्हाला बघायला आलो.

शेजारी खुर्चीवर एक बारीक माणूस बसला होता, उजव्या बाहीची टोकाला गाठ मारलेली. त्याने मातेओकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सहज, पानाचा डबा मागावा तशा आवाजात म्हणाला, "तवा मना बगायला कोनी आला नवता. बरा झाला, याला बगायला आलाव."

पंधरा वर्षांत त्या दिवसाबद्दल हसुरामने काढलेला हा पहिला शब्द. रागाचं काही नव्हतं त्या माणसाच्या तोंडावर. उलट मनातलं बोलून मोकळा झाल्यासारखा दिसत होता. हरीभाऊंनी मान खाली घातली आणि म्हणाले, "दहा पावलं व्हती, हसू." हसुराम म्हणाला, "म्हाईत हाय मना." मग हरीभाऊ उठले आणि त्याला म्हणाले, चल माझ्यासोबत.

नवरीचा बाप हळदीतून निघाला म्हणून बायकांनी गिल्ला केला. मुलीनेच सगळ्यांना गप्प केलं, बाबांना म्हणाली जा, पण अंघोळ न करता तसेच परत या.

वर्कशॉपमध्ये शिरल्यावर हरीभाऊ आधी सावंत साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "बगा, मी हाय," म्हणाले. "चूक माजी. चावी घेऊन गेलो." सावंत साहेबांनी केबिनमधून खुर्ची आणून हसुरामला दिली. मग डावा हात खिशात आणि पिवळ्या उजव्या हाताने हरीभाऊंनी कुलूप काढलं, हातमोजा चढवून प्लग बसवला. त्या लाल कुलपाच्या खाचेत हळद राहिली ती राहिलीच. पुढे दिवाळीनंतर ते निवृत्त झाले आणि कुलूप घेऊन घरी गेले, तेव्हाही ती तिथे होती. पण मला हरीभाऊ आठवतात ते त्या निवृत्तीच्या दिवसाचे नाहीत, याच संध्याकाळचे.

मातेओने गाडी सुरू केली, तरी आवाज काहीच नाही, नुसते पडद्यावर आकडे उजळले. शेजारचं दार पंखासारखं वर गेलं. त्याने हरीभाऊंना हाताने खूण केली. हरीभाऊ दोन पावलं पुढे गेले, थांबले आणि मागे वळून म्हणाले, "हसू, बस."

हसुराम म्हणाला, मना काय कलतंय यातला, तू बस. हरीभाऊ म्हणाले, "मना ती पाठ हाय. तू बस."

हसुराम कसाबसा आत उतरला. पट्टा मात्र चार पदरी, खांद्यांवरून दोन आणि कमरेवरून दोन, मधोमध अडकवायचा. एका हाताने जमण्यासारखा नव्हता. तो चाचपडत राहिला. तेव्हा हरीभाऊ वाकले, डावा हात खिशातून बाहेर आला, आणि जिवंत गाडीत दोन्ही हात घालून त्यांनी ते चारही पदर एकेक करून अडकवले, ओढून पाहिले, दुमडलेली बाही नीट केली.

गाडी फाटकातून निघाली ती मांजरासारखी, आवाज न करता. हसुराम आतून वळून बघत होता, चालू आहे की बंद याचीच शंका आल्यासारखा. रंगाच्या कारखान्यापर्यंत ती तशीच गेली. हरीभाऊ माझ्या शेजारी उभे होते, मान तिरकी करून, ऐकत. मग कोपऱ्यावर, वळण संपता संपता, इंजिनाने दम धरला आणि तो आवाज अख्ख्या एमआयडीसीभर भरला.

"आला वारा," हरीभाऊ म्हणाले. हात खिशात घालायचं ते विसरले होते.